हप्ता ताटातून कापू नका

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात मी उतारवयातल्या आहाराबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेली निम्मी पत्रं निघाली विम्याबद्दल. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझ्या नोकरीची सुरुवातीची बरीच वर्षं विमा प्रस्तावांची वैद्यकीय छाननी करण्यात गेली आणि त्यानंतर मी वृद्धांच्या बाह्यरुग्ण विभागात आले. तिथे कागदावर फक्त वजन, रक्तदाब, साखर दिसायची. इथे ते आकडे ज्याचे आहेत तो माणूस समोर बसतो आणि बोलता बोलता सांगतो की हप्त्याची तारीख जवळ आली म्हणून या महिन्यात अंडी बंद केली. असं ऐकलं की माझा जीव तुटतो. म्हणून या वेळी दोन्ही विषयांची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझं वय ६६, निवृत्त आहे. मुलं आपापल्या पायांवर उभी आहेत. पत्नी ६३ वर्षांची, तिला स्वतःचं उत्पन्न नाही. माझा एकही विमा नाही याची आता रुखरुख लागते. तीन एजंटांनी तीन पॉलिसी सुचवल्या : एक ठरावीक मुदतीची, एक आयुष्यभराची आणि एक ‘वैद्यकीय तपासणीची गरज नाही’ अशी. हप्ता जमवायचा तर घरखर्चात काटकसर करावी लागेल. दूध, फळं, अंडी जरा कमी केली तर जमेल असा आम्हा दोघांचा विचार आहे. यातली कोणती घ्यावी?

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी आधी घेते. दूध, फळं, अंडी कमी करूनच हप्ता भरता येणार असेल, तर तिन्हींपैकी एकही घेऊ नका. हे मी चिडून लिहीत नाही, हिशेबाने लिहिते आहे. साठीनंतर स्नायू दर वर्षी थोडे थोडे झिजतात आणि खाण्यातली प्रथिनं कमी झाली की ही झीज वेगाने होते. पायातली ताकद गेली की माणूस पडतो. पडला की खुब्याचं हाड मोडतं, मग शस्त्रक्रिया, अंथरूण, कोणीतरी चोवीस तास जवळ हवं. ते कोण असणार? तुमच्या पत्नीच, ज्यांच्यासाठी तुम्ही विमा घ्यायला निघाला आहात. आणि कमी झालेल्या ताटात त्यांचंही ताट आहे.

आता विमा. एजंट विचारतो, ‘किती रकमेचा काढायचा?’ त्याआधी तुम्ही दोघांनी बसून एक वेगळा प्रश्न विचारा : मी उद्या नसेन तर हिच्या हातात दरमहा किती पैसे कमी येतील? तुमचं निवृत्तिवेतन तुमच्यानंतर त्यांना चालू राहतं का आणि किती प्रमाणात, हे कार्यालयाकडून लेखी घ्या. घर कोणाच्या नावावर आहे, कर्ज आहे का, ठेवींवर दोघांची नावं आहेत का, हे पाहा. निवृत्तिवेतनाचा बराचसा भाग त्यांना मिळणार असेल, कर्ज नसेल आणि डोक्यावर स्वतःचं छप्पर असेल, तर विम्यासाठी उरलेलं काम फार लहान आहे. अंत्यविधीचा खर्च आणि पुढचे काही महिने निभावतील एवढी रक्कम दोघांच्या नावाने वेगळी ठेवली तरी ते काम होतं. पण निवृत्तिवेतन तुमच्याबरोबरच थांबणार असेल, तर खड्डा मोठा आहे आणि तो भरायचा विचार करायलाच हवा.

मुदतीचा विमा म्हणजे त्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे. तिन्हींत तो स्वस्त, पण तरुणपणी जो हप्ता बसला असता त्याच्या कितीतरी पट हप्ता तुमच्या वयाला बसतो आणि संरक्षण एका ठरावीक वयाला संपतं. अजून सात-आठ वर्षं फेडायचं कर्ज आहे, अशा नेमक्या ओझ्यासाठी तो ठीक. आयुष्यभराच्या विम्यात रक्कम कधी ना कधी मिळतेच, म्हणून हप्ता जास्त. त्यातला काही भाग पॉलिसीत साठत जातो, पण पहिल्या काही वर्षांत ती मोडली तर हाती फार थोडं पडतं. ज्यांच्यावर आयुष्यभर अवलंबून राहणारं कोणी आहे, उदाहरणार्थ अपंगत्व असलेलं मूल, त्यांनी याचा गंभीरपणे विचार करावा.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण ज्येष्ठांना तोच सर्वांत सोपा वाटतो. तपासणी नाही, प्रश्न नाहीत, सही करा आणि झालं. पण तपासणी केली नाही तर कोण आजारी आणि कोण धडधाकट हे कंपनीला कळत नाही. म्हणून ती सगळ्यांनाच आजारी धरून हप्ता लावते आणि रक्कम लहान ठेवते. शिवाय अशा बऱ्याच पॉलिसींत पहिली दोन-तीन वर्षं प्रतीक्षाकाळ असतो. त्या काळात आजाराने मृत्यू झाला तर विम्याची पूर्ण रक्कम मिळत नाही, भरलेले हप्ते थोड्या व्याजासह परत मिळतात किंवा रकमेचा काही भाग मिळतो. अपघाती मृत्यूला बहुधा पूर्ण रक्कम असते. हे माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं आणि विधवा बाईंना ते नेमकं दाव्याच्या वेळी कळतं. तुमची तब्येत बरी असेल आणि विमा खरंच हवा असेल, तर तपासणीचाच मार्ग घ्या. नाहीतर दुसऱ्यांच्या आजारपणाचा भाव तुम्ही मोजाल.

सही करण्याआधी कागदावर एक सोपा हिशेब करा. समजा वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या ८ टक्के आहे. मग साडेबारा वर्षांत तुम्ही विमा रकमेइतके पैसे भरून झालेले असतील. ६६ मध्ये साडेबारा मिळवले की साडेअठ्ठ्याहत्तर. त्यापुढेही हप्ते चालू राहणार असतील तर पुढचा प्रत्येक हप्ता मिळणाऱ्या रकमेहून जास्तीचा. तुमच्या घरात आईवडील नव्वदीपर्यंत जगले असतील तर या हिशेबाकडे नीट पाहा. आणि ७५ व्या वर्षी हप्ता भरणं जमलं नाही तर काय होईल, हे एजंटकडून लेखी मागा. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करण्यासाठी काही दिवसांची मुभा बहुतेक ठिकाणी असते. ते दिवस कपाटात घालवू नका, मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून पानन् पान वाचा.

एका गोष्टीचं नाव तिन्ही एजंटांनी घेतलेलं दिसत नाही, ती म्हणजे वार्षिकी. एकरकमी पैसे द्यायचे आणि जिवंत असेपर्यंत ठरावीक रक्कम घेत राहायचं. ही कल्पना फार जुनी आहे. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपल्याला माहीत आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ साली ब्रेस्लाव शहरातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचं कोष्टक मांडलं, ते वार्षिकीची किंमत कशी ठरवावी हे दाखवण्यासाठीच. तुमच्या वयात लवकर जाण्याइतकाच मोठा धोका पैसे संपल्यावरही जगत राहण्याचा आहे, आणि वार्षिकी त्या धोक्यावर काम करते. पती-पत्नींची संयुक्त वार्षिकी घेतली तर एक गेल्यावर दुसऱ्याला ती चालू राहते. मात्र गुंतवलेले पैसे बहुधा परत काढता येत नाहीत आणि दरमहा येणारी रक्कम तीच राहिली तर महागाई तिला खात जाते. म्हणून सगळी पुंजी त्यात घालू नका. आजारपणासाठी हाताशी लागणारा पैसा आधी बाजूला काढा.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या सातेक महिन्यांत त्यांचं वजन ५८ किलोवरून ५३ वर आलं. भेटणारे सगळे म्हणतात, छान बारीक झालात, गुडघ्यांना बरं. त्यांनाही आनंद आहे. त्यांच्या नावाने छोटा विमा काढायचं चाललं आहे. एजंट म्हणतो, फॉर्मवर वजनातला फरक लिहू नका, उगाच प्रश्न विचारतील. मला मात्र काळजी वाटते आहे. ती अनाठायी आहे का?

उत्तर : अजिबात अनाठायी नाही आणि तुम्ही पत्र लिहिलंत ते फार बरं केलंत. ५८ तले ५ किलो म्हणजे साडेआठ टक्क्यांहून अधिक. उतारवयात काही न करता, न ठरवता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्के वजन उतरलं की आम्ही डॉक्टर थांबून कारण शोधतो. सासूबाई त्या रेषेच्या बऱ्याच पुढे गेल्या आहेत. त्यांचं कौतुक करणाऱ्यांना प्रेमाने गप्प करा आणि विम्याचा फॉर्म बाजूला ठेवून त्यांना आधी डॉक्टरांकडे न्या.

कारणं अनेक असू शकतात आणि सगळी भीतीदायक नसतात. कवळी सैल झाली आहे, चावताना दुखतं, म्हणून त्या मऊमऊ तेवढंच खातात, हे कारण मी वारंवार पाहते. थायरॉईड वाढलेलं असू शकतं, मधुमेह हाताबाहेर गेलेला असू शकतो. मधुमेहाचं मेटफॉर्मिन किंवा हृदयाचं डिगॉक्सिन अशा औषधांनी भूक मरते. उदासी, गिळायला त्रास, विसरभोळेपणा यांचा पहिला परिणाम कधीकधी वजनावरच दिसतो. आणि कर्करोग हेही एक कारण आहे, म्हणून तपासणी पुढे ढकलायची नाही. जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्या, अगदी दुकानातून स्वतः आणलेल्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ ही चाचणी करायला सांगा. तिच्या छोट्या आवृत्तीत सहाच प्रश्न आहेत : खाणं कमी झालं का, वजन उतरलं का, हिंडणंफिरणं कसं आहे, नुकताच मोठा आजार किंवा मनावर आघात झाला का, स्मृती आणि मन कसं आहे, आणि उंचीच्या मानाने वजन किती. १४ पैकी १२ किंवा अधिक गुण असतील तर ठीक, ८ ते ११ म्हणजे कुपोषणाचा धोका, ७ किंवा कमी म्हणजे कुपोषण. उंची-वजन घेता येत नसेल तर पोटरीचा घेर मोजतात. तो ३१ सेंटिमीटरहून कमी असला तर गुण जातात. टेप घेऊन हे तुम्ही घरीही पाहू शकता.

‘बारीक म्हणजे निरोगी’ ही समजूत पक्की करण्यात विमा कंपन्यांचाही मोठा हात आहे. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफने १९४२-४३ मध्ये आपल्या विमेदारांच्या नोंदींवरून उंचीनुसार ‘आदर्श’ वजनाची कोष्टकं काढली आणि पुढे ती जगभरच्या दवाखान्यांत पोचली. पण त्यांत सत्तरीपुढच्यांचा वेगळा विचार नव्हता. १९८३ ची सुधारित आवृत्ती तर २५ ते ५९ या वयासाठी होती. १९८५ साली रूबिन अँड्रेस या वार्धक्यतज्ज्ञाने विम्याचीच आकडेवारी वेगवेगळ्या वयांप्रमाणे मांडून दाखवलं की ज्या वजनाला मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी असतं ते वजन वयाबरोबर वाढत जातं. आज वृद्धांचे डॉक्टर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२-२३ च्या खाली जाऊ लागला की सावध होतात, आणि तरुणांच्या मापाने तो आकडा उत्तम समजला जातो. सत्तरीनंतर अंगावर थोडं असलेलं बरं. आजारपणात तेच उपयोगी पडतं.

आता एजंटचा सल्ला. मी छाननीच्या टेबलावर बसलेली बाई आहे, म्हणून स्पष्ट सांगते : वजनातला फरक हा प्रस्तावातला फार महत्त्वाचा प्रश्न असतो, कारण तो न बोलणाऱ्या आजाराबद्दल बोलतो. तो लपवला आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत दावा आला, तर कंपनी जुने केसपेपर मागवते. दवाखान्यातल्या पानावर ५८ आणि फॉर्मवर ‘काही फरक नाही’ असं दिसलं की दावा नाकारायला आयतं कारण मिळतं. त्या वेळी ‘एजंटने सांगितलं होतं’ याला किंमत नसते, कारण फॉर्मवर सही सासूबाईंची असते. खरं लिहिलं तर कंपनी फार तर म्हणेल, सहा महिन्यांनी या. तो नकार नव्हे. कारण सापडलं, उपचार झाले, वजन स्थिरावलं की तोच प्रस्ताव पुन्हा नीट विचारात घेतला जातो.

दरम्यान त्यांच्या खाण्याबद्दल. निरोगी ज्येष्ठाला दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात आणि आजारपणात १.५ पर्यंत. ५३ किलोला म्हणजे साधारण ५३ ते ६४ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, मोठ्या पेलाभर दुधात आठ, शंभर ग्रॅम माशात वीसच्या आसपास, शंभर ग्रॅम शिजलेल्या डाळीत सात-आठ. बेरीज करून पाहा, म्हणजे लक्षात येईल की हा आकडा आपोआप पुरा होत नाही. त्यातही सगळी प्रथिनं रात्रीच्या एका जेवणात नकोत, तिन्ही वेळांना वाटून द्या. सकाळी नुसता चहा-बिस्किटांवर निभावणं ही माझ्या मते उतारवयातली सर्वांत महागडी सवय आहे. जेवण कमी जात असेल तर ताट मोठं करू नका, आहे त्या घासात ताकद भरा : एक चमचा तेल किंवा तूप जास्त, दूध आटवून, दाण्यांचं कूट घालून. आणि पन्नाशीत कोणीतरी सांगितलेली पथ्यं आजही चालू आहेत का, हे डॉक्टरांना विचारा. तुपाला हात लावायचा नाही, अंड्यातलं पिवळं टाकायचं, असे कित्येक नियम माझ्याकडे येणारी माणसं वीस-वीस वर्षं पाळत असतात, ज्यांची गरज केव्हाच संपलेली असते.

प्रथिनांना व्यायामाची जोड लागते. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्यांना हात न टेकता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव द्या, सुरुवातीला तुम्ही समोर उभ्या राहून.

प्रश्न : वय ६९, मधुमेह आहे. पुढच्या आठवड्यात विम्यासाठी रक्त-लघवी तपासणी आहे. तोपर्यंत एकवेळ जेवून साखर खाली आणावी असा विचार आहे. किती तास उपाशी राहायचं, आणि आदल्या दिवशी काय खावं?

उत्तर : एकवेळ जेवू नका. एचबीएवनसी ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगते, आठवडाभराच्या उपासमारीने ती फसत नाही. उलट तुम्ही मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर धोकादायक खाली जाईल. न खाता-पिता राहिल्याने लघवीत कीटोन (उपाशी शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) दिसतील, पाणी कमी पडल्याने क्रिएटिनिन वाढेल आणि मूत्रपिंडाबद्दल नको ती शंका येईल. नेहमीसारखं जेवा. आदल्या दिवशी जड व्यायाम नको, त्याने लघवीत प्रथिनं दिसू शकतात. मांसाहाराची मेजवानीही नको, त्यानेही क्रिएटिनिन थोडं वर जातं. सांगितलं असेल तेवढेच तास, साधारण ८ ते १२, उपाशी राहा, साधं पाणी प्या. त्या सकाळी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कधी घ्यायचं हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारा. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. केस-नखांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा, त्याने थायरॉईड आणि हृदयाच्या काही चाचण्यांचे आकडे चुकतात. आणि मधुमेह फॉर्मवर लिहा. नीट आटोक्यात असलेल्या मधुमेहाला बऱ्याचदा विमा मिळतो, हप्ता थोडा चढतो एवढंच. लपवलेला मधुमेह मात्र दाव्याच्या वेळी घात करतो.

प्रश्न : डॉक्टर, मी ७२ वर्षांची. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. एकटीसाठी काय शिजवायचं असं वाटतं, दुपारी चहा आणि काहीतरी कोरडं खाते, रात्री भूकच नसते. हातापायांना मुंग्या येतात. मुलगा प्रथिनांची पावडर पाठवतो म्हणतो. ती घ्यावी का? यजमानांनी माझ्या नावाने काढलेल्या दोन पॉलिसी आहेत, त्यांचे हप्ते मुलगा भरतो. त्यांच्याबद्दल काही करायचं असतं का?

उत्तर : ताई, आधी मुंग्यांबद्दल, कारण त्यात उशीर चालणार नाही. ही बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची खूण असू शकते. त्याची रोजची गरज फक्त २.४ मायक्रोग्रॅम, पण वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं होऊन अंगी लागत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्ताची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखीच. एका रक्तचाचणीत ते कळतं आणि गोळी किंवा इंजेक्शनने भरून काढता येतं. उशीर केला तर मज्जातंतूंची हानी पूर्ण भरून येत नाही, म्हणून या आठवड्यातच जा. त्याच वेळी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि ड जीवनसत्त्व पाहून घ्या. सत्तरीपुढे ड जीवनसत्त्व रोज २० मायक्रोग्रॅम म्हणजे ८०० युनिट आणि कॅल्शियम १,२०० मिलिग्रॅम लागतं. चहावर चाललेल्या दिवसात त्यातलं काहीच मिळत नाही. चहा सोडा असं मी म्हणत नाही. तो जेवणाबरोबर घेऊ नका, तासाभराच्या अंतराने घ्या, म्हणजे अन्नातलं लोह अंगी लागेल.

भूक नसणं हे नुसतं पोटाचं नसतं. एवढी वर्षं दोघांचं रांधलं, आता एकटीसाठी चूल पेटवायची इच्छा होत नाही, हे मला पूर्ण समजतं. पण दीड वर्षानंतरही झोप, भूक, कशातच मन नसणं असं चालू असेल तर ते दुःख आता आजाराकडे झुकलेलं असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना ‘मला एकटीला जेवावंसं वाटत नाही’ हे याच शब्दांत सांगा. आठवड्यातून निदान काही जेवणं कोणाबरोबर तरी होतील असं पाहा : शेजारीण, मैत्रीण, नातवंड. सोबत असली की दोन घास जास्त जातात, हे मी माझ्या रुग्णांत नेहमी पाहते. स्वयंपाक एकदाच दोन दिवसांचा करा आणि नीट झाकून थंड जागी ठेवा. भुकेची वाट पाहू नका, घड्याळ पाहून थोडं थोडं खा. तहानेचंही तसंच, ती वयाबरोबर बोथट होते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर पाणी, दूध, ताक, चहा सगळं धरून दिवसभरात दीड लिटरहून थोडं जास्त पोटात जायला हवं.

पावडर वाईट नाही, पण ती जेवणाच्या जागी घेऊ नका, दोन जेवणांच्या मधे घ्या. मुलाला डब्यावर दोन आकडे वाचायला सांगा : एका वेळच्या मापात प्रथिनं किती आणि साखर किती. काही डब्यांत साखरच जास्त असते. रक्त पातळ करणारी वॉर्फरिन ही गोळी चालू असेल तर कोणतीही पावडर सुरू करण्याआधी विचारा, तिच्यात के जीवनसत्त्व घातलेलं असू शकतं.

आणि पॉलिसी. तुमच्या आयुष्यावर असलेल्या पॉलिसींत वारस म्हणून बहुधा यजमानांचंच नाव असेल. ते आता नाहीत, म्हणजे तुमच्यामागे मुलांना वारसाचे दाखले गोळा करत फिरावं लागेल. कंपनीत जाऊन नाव बदलण्याचा अर्ज द्या, सोबत यजमानांचा मृत्यूचा दाखला जोडा आणि बदल नोंदवल्याची लेखी पोच घेतल्याशिवाय उठू नका. यजमानांच्या स्वतःच्या आयुष्यावर एखादी पॉलिसी होती का, हेही त्यांच्या जुन्या बँक पुस्तकात पाहा. दर वर्षी त्याच महिन्यात तेवढीच रक्कम गेलेली दिसली तर तो हप्ता असू शकतो, आणि त्याचा दावा कोणी केलेलाच नसेल. असे पैसे कंपन्यांकडे पडून राहतात कारण घरात कोणाला पॉलिसीची माहितीच नसते.

प्रश्न : वय ७०. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता आता जड जातो. मोडून टाकू का?

उत्तर : मोडण्याआधी कंपनीकडून तीन आकडे लेखी मागा : आज मोडली तर किती मिळतील, पुढचे हप्ते थांबवून लहान रकमेची चालू ठेवली तर मृत्यूनंतर किती मिळतील, आणि तिच्यावर कर्ज घेतलं तर किती व किती व्याजाने. आयुष्यभराच्या किंवा बचतीच्या जुन्या पॉलिसीत दुसरा पर्याय बहुधा असतो, पण कोणी आपणहून सांगत नाही. मुदतीच्या विम्यात मात्र बहुतेक वेळा परत काहीच मिळत नाही, हप्ता थांबला की संरक्षण संपलं. एखादा एजंट ‘जुनी मोडा, नवी घ्या’ म्हणाला तर ऐकू नका. नवीला सत्तरीचा हप्ता लागेल आणि दाव्यावर प्रश्न विचारण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल.

प्रश्न : तुम्ही प्रथिनं वाढवा म्हणता, माझ्या वडिलांना (वय ७६) मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी कमी करायला सांगितली आहेत. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : त्यांच्या डॉक्टरांचं. मूत्रपिंडाचं काम बरंच कमी झालेलं असेल आणि डायलिसिस चालू नसेल, तर प्रथिनं मर्यादेत ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की उलट ती वाढवावी लागतात, कारण त्यात ती वाहून जातात. म्हणून पुढच्या भेटीत ‘कमी’ म्हणजे नेमके किती ग्रॅम, हे लिहून घ्या, आणि वडिलांचं वजन उतरत असेल तर तेही त्यांना दाखवा. ‘कमी खा’ एवढंच ऐकून माणसं निम्मं जेवण सोडतात. डॉक्टरांना ते अभिप्रेत नसतं.